पावसात वाचणारा माणूस

पाऊस पडतोय आणि त्या माणसाला त्याचं काही नाही. अंगात लांबलचक हिरवट कोट, हातात उघडा अंक, नजर अंकात. मागे ना घरं, ना दिवे, ना गर्दी. एक माणूस, थोडा पाऊस, थोडी अक्षरं. न्यूयॉर्कच्या हार्पर्स मासिकाच्या १८९३ च्या एप्रिल अंकाचं हे पोस्टर. पुस्तकांच्या दुकानात आणि मासिकं विकणाऱ्यांच्या ठेल्यांवर लावायचं, महिना संपला की काढायचं आणि त्या जागी पुढच्या महिन्याचं लावायचं. त्याचं आयुष्य एवढंच ठरलेलं होतं.

मी ते पाहिलं ते मोबाइलवर, रात्री साडेअकराला, झोप येत नाही म्हणून. बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयानं आपल्याकडची अशी जुनी पोस्टरं स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. एक उघडलं, मग दुसरं, मग दीड वाजला. मी आयुष्यातली चोवीस वर्षं जाहिरातींचे लेआउट करण्यात घालवली आहेत, त्यामुळे पहिला विचार चित्राचा आला नाही, क्लायंटचा आला. हे मंजूर कोणी केलं असेल? किंमत लिहिलेली नाही. आत काय आहे ते नाही. लेखकांची नावं नाहीत. ‘आजच विकत घ्या’ नाही. मी असलं डिझाइन घेऊन मीटिंगला गेले असते तर लोगो मोठा करा, पाऊस काढा आणि माणसाला हसताना दाखवा, अशा तीन सूचना चहा यायच्या आत आल्या असत्या.

करणारा होता एडवर्ड पेनफील्ड. ब्रुकलिनचा, जन्म १८६६ चा, न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकलेला. पंचविशीच्या आसपास तो हार्पर्स काढणाऱ्या हार्पर अँड ब्रदर्समध्ये कलासंपादक झाला. म्हणजे मंजुरी देणाऱ्यांपैकी एक तो स्वतःच होता, हे कळलं तेव्हा माझं कोडं निम्मं सुटलं. एप्रिलच्या त्या पोस्टरनंतर १८९९ पर्यंत महिन्यामागून महिना तो हे काम करत राहिला.

उरलेलं निम्मं कोडं पैशाचं आहे. हार्पर्स आणि द सेंच्युरी ही त्या काळातली मातब्बर मासिकं, किंमत ३५ सेंट. घरात दिवाणखान्यात टेबलावर दिसावीत अशी. १८९३ साली अमेरिकेत बँका बुडाल्या, मंदी आली आणि त्याच वर्षी मासिकांच्या बाजारात किमती पाडायची शर्यत लागली. मॅक्लुअर्स जूनमध्ये १५ सेंटला निघालं. ऑक्टोबरात फ्रँक मन्सीनं आपल्या मासिकाची किंमत २५ वरून एकदम १० सेंटवर आणली. हिशेब साधा होता: वाचकाला अंक स्वस्तात विकायचा आणि मग तो वाचक जाहिरातदाराला विकायचा. आज ज्याला आपण ‘फुकट’ म्हणतो, त्या सगळ्याची आजी इथे बसली आहे. महागड्या मासिकांना दहा सेंटची लढाई लढायची नव्हती. त्यांना सांगायचं होतं की आमचा वाचक वेगळा आहे. हे शब्दांत सांगितलं तर उद्धटपणा वाटतो, चित्रात सांगितलं तर कौतुक होतं.

पोस्टर ही वस्तू अमेरिकेला नवी नव्हती. सर्कशीची आणि नाटकांची भिंतभर पोस्टरं होतीच, वाघसिंहांनी आणि तोंड वासलेल्या खलनायकांनी भरलेली. हार्पर्सनंसुद्धा त्याआधी सणांच्या खास अंकांसाठी पॅरिसच्या ओझेन ग्रासे या चित्रकाराकडून पोस्टरं करून घेतली होती. ती सुंदर आहेत, पण रंगीत काचेच्या खिडक्यांसारखी: प्रत्येक कोपरा भरलेला, प्रत्येक घडीला वळण. पेनफील्डनं खोली रिकामी केली. त्याचं म्हणणं होतं की पोस्टरनं आपली गोष्ट एका दमात सांगावी. जे समजून घ्यायला थांबावं लागतं ते कितीही चांगलं काढलेलं असो, पोस्टर नव्हे. हे त्यानं १८९६ साली ‘पोस्टर्स इन मिनिएचर’ या संग्रहाच्या प्रस्तावनेत लिहिलं आहे. मी ते वाक्य वाचलं आणि मला त्या सगळ्या मीटिंगा आठवल्या.

पण खरं सांगायचं तर त्याची पोस्टरं एका दमात संपत नाहीत. गोष्ट लगेच कळते, माणसं कळत नाहीत. १८९६ च्या मे महिन्यातली बाई बघा. दोन मांजरं जवळ घेऊन उभी आहे आणि मांजरांच्या चेहऱ्यावर तिच्यापेक्षा जास्त भाव आहेत. १८९४ च्या जुलैमध्ये, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या महिन्यात, एक बाई फटाके लावते आहे. तेही अशा शांतपणे, जणू देवापुढे निरांजन लावते आहे. १८९७ च्या मार्चमध्ये एका गाडीत शेजारी शेजारी बसलेले प्रवासी, सगळ्यांच्या हातात हार्पर्स, आणि कोणी कोणाकडे बघत नाही. आज लोकलच्या डब्यात मोबाइलवर वाकलेल्या माना पाहून आपण जे काही बोलतो, ते त्या चित्राकडे पाहून कोणी बोललं असेल का? तेव्हा ते दृश्य सभ्यपणाचं होतं.

हेच मला पेनफील्डमध्ये सगळ्यात जास्त आवडतं आणि हेच खुपतंही. त्यानं मासिक विकलं नाही, वाचणारा माणूस विकला. अंकात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्या माणसांचा कोट, टोपी, हातमोजे, घोडागाडी, कुत्रा, आणि बघणाऱ्याची पर्वा न करण्याची ती खास ऐपत, हे सगळं अंकाबरोबर मिळेल अशी अंधुक आशा विकली. ही ऐपत कोणाची होती, हेही दिसतं. मी पाहिलेल्या त्याच्या पोस्टरांत अंक हातात घेतलेला एकही कामगार नाही, एकही काळा माणूस नाही, बोटीतून नुकतं उतरलेलं एकही कुटुंब नाही. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावरचं, परदेशातून येणाऱ्यांची तपासणी करणारं केंद्र १८९२ ला सुरू झालं होतं. १८९४ मध्ये रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीच्या कामगारांचा संप देशभरच्या रेल्वेत पसरला होता. हार्परची कचेरी होती फ्रँकलिन स्क्वेअरला, समोरून उन्नत रेल्वे खडखडत जायची. खिडकी उघडली की न्यूयॉर्क आत यायचं. पोस्टरवर मात्र कायम स्वच्छ हवा.

आता थोडं तंत्राबद्दल. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, छापखान्यात जुळारी होते. शनिवार पेठेतल्या एका बोळात ट्रेडल मशीन, पुढे सिलिंडर. खिळे जुळवून जुळवून त्यांच्या उजव्या अंगठ्याला कायमचा घट्टा पडलेला आहे. मशीन लावताना वाया जाणारे कागद ते घरी आणायचे. एकाच कागदावर लग्नपत्रिका, त्यावर पतपेढीचा अहवाल, त्यावर शाकाहारी खाणावळीचं हँडबिल, असे थरावर थर. त्या कागदांची कव्हरं माझ्या वह्यांना असायची आणि वर्गात माझ्या भूगोलाच्या वहीवर एका अनोळखी वराचं नाव उलटं वाचायला मुलींची झुंबड उडायची. छापलेला कागद ही फेकायची वस्तू आहे आणि तरी ती कोणी तरी जपतं, हे मी तिथे शिकले.

तर मी अण्णांना टॅबवर ही पोस्टरं दाखवली. वय चौऱ्याऐंशी, मोतीबिंदू काढलेला. त्यांनी चित्राला बरं-वाईट काही म्हटलं नाही. बोटांनी मोठं केलं आणि विचारलं, “किती रंग?” मी म्हटलं, बघा तुम्हीच. त्यांनी मोजले. “चार. काळा धरून. आणि इथे बघ, लाल जरा हललाय.”

खरंच हलला होता. केसाएवढी पांढरी फट. एकशे तीस वर्षांपूर्वी कोणा छपाईवाल्याचा कागद अर्धा मिलिमीटर सरकला आणि माझ्या बापानं पुण्यात बसून पकडला.

चार रंग ही गरिबी नव्हती, निवड होती. त्याच अमेरिकेत लुई प्रँगसारखे छपाईवाले शिळाछापाच्या दगडावर दगड चढवून, डझनभर आणि त्याहून अधिक रंग वापरून तैलचित्राची हुबेहूब नक्कल काढत होते. आपल्याकडे १८९४ मध्ये गिरगावात रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला, त्याचीही ओढ तीच: जर्मन यंत्रं, दगडांचे थर, आणि शकुंतला अशी दिसावी की तिला कोणी कॅनव्हासवरून उतरवून आणलंय. आमच्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी त्याच वंशातली. त्या चित्राला वाटायचं, आपण छापलेले आहोत हे लोकांना कळू नये. पेनफील्डच्या पोस्टराला उलट वाटतं. ते सांगतं, मी शाई आहे, कागदावर बसले आहे, सावली-बिवली काही नाही. हे सपाट रंग आणि ठसठशीत रेघा जपानी लाकडी ठशांच्या चित्रांमधून आल्या; काही थेट, काही पॅरिसला वळसा घालून. बॉस्टनमध्ये आर्थर वेस्ली डाऊ हा चित्रकार तिथल्या संग्रहालयात जपानी कलेचे जाणकार फेनोलोसा यांच्याबरोबर जपानी चित्रं अभ्यासत होता. १८९५ साली ‘मॉडर्न आर्ट’ या नियतकालिकासाठी त्यानं काढलेलं पोस्टर छापलं कोणी? लुई प्रँगच्याच कंपनीनं. व्यवसायात मतं बदलायला वेळ लागत नाही.

पेनफील्डच्या काही पोस्टरांवर रंगाचे बारीक शिंतोडे आहेत, धुक्यासारखे. ते पाहिल्यावर मी एकटीच हसले. शाळेत चौथीत आम्ही हेच करायचो. जुना टूथब्रश, जुना कंगवा, कागदावर पिंपळाचं पान, आणि मग घासायचं. पान उचललं की पांढरी आकृती. घरी आल्यावर गणवेशाच्या बाहीवर निळे ठिपके आणि आईची बोलणी.

शिकागोत वेगळाच माणूस होता. विल ब्रॅडली. वडील लवकर गेले, आई त्याला घेऊन मिशिगनमधल्या इश्पेमिंग या लोखंडाच्या खाणींच्या गावी आली आणि पोरगा लहानपणीच तिथल्या वृत्तपत्राच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. त्या वृत्तपत्राचं नाव ‘आयर्न ॲजिटेटर’. अशा नावाच्या पेपरात शिकलेला मुलगा पुढे इतक्या नाजूक रेघा काढेल असं कोणाला वाटलं असतं? कलाशाळा नाहीच. जे काही आलं ते खिळ्यांतून, शाईतून आणि दुसऱ्यांची कामं निरखण्यातून. अण्णांना त्याची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचा पेनफील्डवरचा लोभ कमी होऊन तो ब्रॅडलीवर गेला. “आपल्यातला आहे,” म्हणाले.

१८९४ मध्ये ‘द चॅप-बुक’ हे छोटंसं पाक्षिक निघू लागलं. काढणारे दोन तरुण, स्टोन आणि किंबल, हार्वर्डमध्ये शिकत असतानाच प्रकाशक झालेले. किंमत पाच सेंट. ब्रॅडलीनं त्याच्यासाठी केलेलं ‘द ट्विन्स’ हे पोस्टर अमेरिकेतल्या आर्ट नूव्हो, म्हणजे वळणदार, वेलबुट्टीसारख्या रेघांच्या शैलीच्या पहिल्या पोस्टरांत गणलं जातं. दोन आकृती एकमेकींत अशा गुंतलेल्या की कुठली बाही कोणाची ते सापडत नाही. छपाईच्या धंद्यातल्या एका मासिकानं तेव्हा लिहिलं की हे काय आहे ते सांगितल्याशिवाय कोणाला कळणार नाही, पहिल्या नजरेला तर लालभडक टर्की कोंबडाच वाटतो. मला हे परीक्षण फार आवडतं. कारण एकदा वाचलं की खरंच कोंबडा दिसतो, आणि मग दुसरं काही दिसत नाही.

ब्रॅडलीची रेघ वेलीसारखी आहे. कुठून निघाली आणि कुठे गेली ते शोधण्यात मजा. इंग्लंडच्या ऑब्री बिअर्ड्‌स्ली या चित्रकारावरून त्याला ‘अमेरिकन बिअर्ड्‌स्ली’ म्हणायचे, आणि बिअर्ड्‌स्लीचं देणं त्याच्यावर उघड आहे. पण बिअर्ड्‌स्लीत जो कुजका गोडवा आहे तो याच्यात नाही. खाणीच्या गावातला मुलगा आहे, शेवटी सगळं नीट जुळलेलं हवं. मी दोघांपैकी पेनफील्डच्या बाजूची. ब्रॅडली पाहिला की वाटतं, काय हात आहे! पेनफील्ड पाहिला की हात आठवतच नाही.

ब्रॅडलीनं मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला स्वतःचा छापखाना काढला आणि १८९६ मध्ये ‘ब्रॅडली: हिज बुक’ नावाचं मासिक सुरू केलं. लिहिणं, काढणं, जुळवणं, छापणं, जाहिराती मिळवणं, सगळं एकट्याच्या अंगावर. वर्ष पुरं व्हायच्या आत तब्येतीनं दगा दिला, मासिक बंद पडलं. एकट्यानं नियतकालिक चालवणाऱ्यांचं सगळीकडे हेच होतं. हा मात्र सावरला आणि १९६२ पर्यंत, त्र्याण्णव वर्षं जगला. पोस्टरांचं वेड आलं तसं ओसरलं, नवी कला आली, दोन महायुद्धं झाली, आणि हा आपला आहेच.

वेड हा शब्द मी उगाच वापरत नाही. १८९५-९६ च्या सुमाराला लोक पोस्टरं अक्षरशः गोळा करत सुटले होते. दुकानदाराशी संधान बांधून महिना संपायच्या आत पोस्टर मिळवायचं. प्रकाशक जादा प्रती छापून विकायला लागले, म्हणजे जाहिरात करायची वस्तूच माल झाली. फक्त पोस्टरांवरची मासिकं निघाली, प्रदर्शनं भरली. आणि माझा आवडता प्रकार: पोस्टर पार्ट्या. बायका प्रसिद्ध पोस्टरांमधल्या बायकांसारखा पोशाख करून, तशाच स्तब्ध उभ्या राहायच्या आणि पाहुण्यांनी ओळखायचं. म्हणजे पेनफील्डनं खऱ्या बायकांवरून काढलेल्या थंड बायका, आणि त्यांच्यावरून थंड उभ्या राहिलेल्या खऱ्या बायका. मला त्यातल्या एखादीला शिंक आली असेल असं वाटत राहतं.

सेंच्युरीनं याच काळात स्पर्धा घेतल्या. १८९४ च्या नोव्हेंबरात सेंच्युरी आणि मॅक्लुअर्स दोघांनीही नेपोलियनचं चरित्र क्रमशः सुरू केलं, एकाच महिन्यात. सेंच्युरीनं पॅरिसमध्ये नेपोलियनच्या पोस्टरासाठी स्पर्धा ठेवली. आज जगभर नावाजलेला फ्रेंच चित्रकार तुलूझ-लॉत्रेक, त्यानं चित्र पाठवलं, ते नाकारलं गेलं, बक्षीस लुसियाँ मेतिवेला मिळालं. लॉत्रेकनं मग पदरचे पैसे घालून शंभर प्रती छापल्या. मेतिवेचं चित्र आज कोण शोधतं? पण परीक्षकांना दोष देताना माझी जीभ अडखळते. मीही एका स्पर्धेची परीक्षक होते आणि कोणाला नाकारलं ते मला आठवतही नाही. १८९६ च्या स्पर्धेत तरुण चित्रकार मॅक्सफील्ड पॅरिशला दुसरं बक्षीस मिळालं, पहिलं लायनडेकरला. पॅरिशनं ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त रंग वापरले होते, असं कारण सांगतात. गवतावर बसलेल्या मुलीचं त्याचं ते चित्र १८९७ च्या ऑगस्ट अंकासाठी वापरलं गेलंच.

आणि एथेल रीड. तिच्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबते. जन्म १८७४, मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्टची. १८९५ मध्ये बॉस्टनच्या एका रविवारच्या वृत्तपत्रासाठी आणि तिथल्या पुस्तक प्रकाशकांसाठी तिनं पोस्टरं केली आणि एकविसाव्या वर्षी ती प्रसिद्ध झाली. या धंद्यात इतरही बायका होत्या, पण इतक्या लवकर इतकं नाव दुसऱ्या कोणाचं झालं नाही. तिच्या पोस्टरांतल्या बायका पेनफील्डच्या बायकांसारख्या आपल्याकडे दुर्लक्ष करत नाहीत, त्या आपल्यापासून काहीतरी लपवतात. डोळे मिटलेले किंवा खाली, भोवती खसखशीची मोठाली फुलं. पुस्तक हातात असलं तरी त्या ते वाचताहेत असं मला कधी वाटलं नाही. तिचे स्वतःचे फोटोही त्या वेळी छापून येत, ती देखणी होती म्हणून. आणि मग तिच्या कामाबद्दल लिहिताना लोक तिच्या चेहऱ्याबद्दल लिहीत. हे वाक्य लिहिताना मला भूतकाळ वापरायची गरज नव्हती.

दोनेक वर्षं हे चाललं. लग्न ठरलं होतं ते मोडलं. १८९६ ला ती युरोपला गेली, लंडनला ‘द यलो बुक’ या नियतकालिकासाठी थोडं काम केलं आणि मग दिसेनाशी झाली. पोस्टरांच्या इतिहासात कितीतरी वर्षं तिच्या नावापुढे मृत्यूचं साल कोरं असायचं. ती १९१२ मध्ये लंडनमध्ये वारली, चाळिशीही न गाठता, हे फार उशिरा उजेडात आलं. मधली वर्षं तिनं चित्रं काढली का, मला त्यातच जास्त रस आहे. तिची जी पोस्टरं उरली ती ठरलेल्या मुदतीपेक्षा शंभर वर्षं जास्त जगली, आणि ती स्वतः मासिकाच्या अंकासारखी, आली आणि गेली.

पोस्टरांचं वेड १८९० चं दशक संपता संपता ओसरलं. फार शोक करावा असं काही घडलं नाही. पूर्वी मासिकाचं मुखपृष्ठ वर्षानुवर्षं तेच असायचं. तीच चौकट, तीच अक्षरं, फक्त महिना बदलायचा. म्हणून तर बाहेर वेगळं पोस्टर लावायची गरज. १८९४ मध्ये ‘द इनलँड प्रिंटर’ या छपाईच्या मासिकानं दर अंकाला नवं मुखपृष्ठ द्यायला सुरुवात केली. ती मुखपृष्ठं काढणारा ब्रॅडली. हळूहळू सगळ्यांनाच ते पटलं. मुखपृष्ठच पोस्टर झालं, ठेल्यावर अंक लटकवला की काम झालं. ज्यानं पोस्टर नावारूपाला आणलं त्याच्याच हातून त्याच्या निवृत्तीचा कागद छापला गेला.

हे सगळं मी अण्णांना तीन-चार संध्याकाळी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. ते ऐकतात, मधे डोळा लागतो, मग नेमका प्रश्न विचारतात. एकदा त्यांना कागद कुठला होता ते हवं होतं. मी वाचलेलं सांगितलं: सेंच्युरी छापणारे डी व्हिन चित्रांसाठी गुळगुळीत, लेप दिलेला कागद वापरायचे, आणि चित्रं बारीक उठावीत म्हणून चांगल्या मासिकांत तोच पडत गेला. “म्हणजे आर्ट पेपर,” अण्णा म्हणाले आणि गप्प झाले.

परवा संध्याकाळी बाहेर वळवाचा पाऊस आला. दिवे गेले होते, टॅबला चार्जिंग होतं. त्यांनी पुन्हा तो एप्रिलचा माणूस काढायला सांगितला. बराच वेळ बघत होते. मला वाटलं, रंग मोजताहेत.

“अगं, हा भिजतोय ते ठीक आहे,” म्हणाले, “पण आर्ट पेपर ओला झाला की पानं चिकटतात. मग सुटत नाहीत. फाटतात. सांग त्याला.”